‘असेल’, ‘असावे’ आणि ‘असणार’
(मंडळाच्या वर्धापनदिनी झालेले भाषण)



‘इंग्रजीतले अंदाजाचे बोलणे’ हा माझा विषय फळ्यावर लिहिला गेला, तेव्हा मागच्या दोघीतिघींनी तोंडाला पदर लावला, ते मी पाहिले. हसा, हरकत नाही. सातवी शिकलेल्या बाईने इंग्रजीवर बोलायचे हे नवलच आहे. आमच्या वेळी इंग्रजी पाचवीला सुरू होई, म्हणजे माझ्या वाट्याला तीनच वर्षे आली. पुढे २००० सालापासून आपल्या राज्यात पहिलीपासून इंग्रजी आले आणि मुलांचा अभ्यास घेता घेता माझी राहिलेली शाळा पुन्हा सुरू झाली. भाकऱ्या थापता थापता जे उमगले, तेवढेच सांगणार आहे.

अंदाज बांधणे हे आपले रोजचेच काम. समजा, सकाळी रानात गेलो आणि ऊस मोडलेला दिसला, चिखलात खूर उमटलेले दिसले. आपण आधी म्हणतो, “कुणाची म्हैस शिरली असेल.” हे मोघम झाले. मग वाकून ठसा नीट पाहिला, तो बराच मोठा दिसला, की म्हणतो, “गवा आला असावा.” आणि गल्लीतल्या सगळ्या म्हशी रात्रभर गोठ्यात बांधलेल्या होत्या हे कळले, शेजारच्या बांधावरही तसेच ठसे सापडले, की आपण छातीठोक सांगतो, “गवाच आला असणार!” गवा तर कोणीच डोळ्यांनी पाहिलेला नाही. पण पुरावा वाढत गेला तसे आपले क्रियापद बदलत गेले.

इंग्रजीत हेच आहे. मोघम असेल तेथे ‘माइट’ किंवा ‘मे’, आणि पुराव्याने खात्री पटली असेल तेथे ‘मस्ट’. ‘इट मे बी अ बफेलो’ म्हणजे म्हैस असेल; ‘इट मस्ट बी अ बायसन’ म्हणजे गवाच असणार. होऊन गेलेली गोष्ट असली की मध्ये ‘हॅव’ घालायचे : ‘मस्ट हॅव कम’, आला असणार. आपले मधले ‘असावा’ मात्र कधी ‘मे’कडे झुकते, कधी ‘मस्ट’कडे. ती सोय इंग्रजांना नाही, आपल्याला आहे.

‘मस्ट’चे आणखी एक आहे. ‘यू मस्ट गो’ म्हणजे तुला गेलेच पाहिजे. मग ‘यू मस्ट बी टायर्ड’ म्हणजे काय? माझ्या धाकट्याने वहीत लिहिले, ‘तू दमलेच पाहिजेस.’ घरात सगळे हसले. पण हसण्याआधी आपली भाषा पाहा. ‘मुलांनी लवकर उठावे’, हे कर्तव्य. ‘देवा, आता पाऊस थांबावा’, ही इच्छा. ‘ती माहेरी गेली असावी’, हा तर्क. एकच ‘वे’ तिन्ही कामे करतो! शाळेच्या व्याकरणात ह्याला विध्यर्थ म्हणतात. म्हणजे इंग्रजांच्या ‘मस्ट’ने दोन कामे केली, तर आपण नाक मुरडायचे कारण नाही. दादोबा पांडुरंग तर्खडकरांनी मराठीचे व्याकरण छापले ते १८३६ साली. तेव्हा बहुतेक बायकांना अक्षर ओळखायलाही मिळत नव्हते, पण ‘गेली असावी’ आणि ‘गेली असणार’ ह्यांतला फरक त्यांच्यापैकी एकही चुकत नसेल.

नकाराला मात्र जपायचे. म्हैस असणे शक्यच नाही, हे सांगताना ‘मस्टन्ट’ चालत नाही. ती मनाई झाली. तेथे ‘कान्ट’ म्हणायचे : ‘इट कान्ट बी अ बफेलो.’

आता हे सगळे बाईमाणसाला कशाला हवे, असे कोणी विचारील. एक घडलेली गोष्ट सांगते. जिची आहे तिला विचारूनच सांगते. ती आज येथे बसलेली आहे. एका बचत गटात हिशेबाला साडेचारशे रुपये कमी आले. वही जिच्याकडे होती तिच्याबद्दल बैठकीत कोणीतरी म्हणाले, “तिच्याकडून खर्च झाले असतील.” नळावर त्याचे “तिनेच घेतले असणार” झाले. पिठाच्या गिरणीत पोचेपर्यंत “तिने घेतले.” एका दिवसात ‘असतील’ गळाले, ‘असणार’ही गळाले, आणि मध्ये नवा पुरावा एवढासाही आला नव्हता! पुढे दुसरीने वही पुन्हा तपासली. मागच्या पानावरची बेरीज पुढच्या पानावर घेताना आकडा चुकला होता. पैसे पेटीत होते तेवढे बरोबर होते. पण तोवर ती बाई आठ महिने गटात आली नव्हती आणि तिच्या मुलीला शाळेत कोणीतरी टोचून बोलले होते. उसातल्या गव्याबद्दल बोलताना आपण किती पायऱ्या सांभाळतो! शेजारणीबद्दल बोलताना त्या कोठे जातात, हे मला अजून कळलेले नाही.

आता होकार-नकाराचे. ‘आय ॲम अग्री’ असे पुष्कळजण बोलतात, कारण मनात ‘मी सहमत आहे’ असते आणि त्या ‘आहे’चा ‘ॲम’ होतो. नुसते ‘आय ॲग्री’ पुरे. कोणी म्हणाले ‘आय लाइक टी’, तर ‘मलाही’ म्हणायला ‘सो डू आय’. कोणी म्हणाले ‘आय डोन्ट लाइक टी’, तर ‘मलाही नाही’ म्हणायला ‘नायदर डू आय’. आणि पटले नाही तर ‘आय डोन्ट थिंक सो’, म्हणजे ‘मला नाही तसे वाटत’. हे वाक्य मला फार आवडते. त्यात समोरच्याला खोटे पाडलेले नाही आणि आपण गप्पही बसलेलो नाही. ग्रामसभेत मराठीतूनच म्हणून पाहा, एकदम सोपे आहे.

सगळ्यांत घोटाळ्याचे आहे ते ‘येस’ आणि ‘नो’. “जेवला नाहीत ना?” असे विचारले तर आपण म्हणतो, “हो, नाही जेवले.” आपला ‘हो’ विचारणाऱ्याच्या म्हणण्याला असतो. इंग्रजीत तसे नाही. प्रश्न कसाही असो, जेवला नसाल तर ‘नो’, जेवला असाल तर ‘येस’. आमच्या आत्याबाईंना ऑपरेशनसाठी एका शहरातल्या दवाखान्यात नेले होते. सकाळी मराठी न जाणणाऱ्या एका सिस्टरने इंग्रजीत विचारले, “काही खाल्ले नाही ना?” आत्याबाईंना तेवढे समजले आणि त्या आपल्या रीतीने म्हणाल्या, “येस.” सिस्टरने लिहिले, रोग्याने खाल्ले आहे! ऑपरेशन दुसऱ्या दिवसावर गेले. म्हातारीला आणखी एक रात्र उपास घडला आणि मुलाचा एक रोज बुडाला. सिस्टरचा दोष म्हणवत नाही, आत्याबाईंचा तर नाहीच. दोघी आपापल्या भाषेप्रमाणे बरोबर होत्या. म्हणून दवाखान्यात नुसते ‘येस’ किंवा ‘नो’ म्हणून थांबू नका, पुढे पूर्ण वाक्य जोडा : ‘नो, आय हॅव नॉट ईटन.’ तेवढे येत नसेल तर हाताने खूण करा आणि मराठी जाणणाऱ्या माणसाला बोलवा म्हणून हट्ट धरा.

शाहू महाराजांनी १९१७ साली आपल्या संस्थानात प्राथमिक शिक्षण सक्तीचे आणि मोफत केले. त्या कोल्हापूरच्या आपण लेकीसुना. चाळिशीनंतर पुस्तक हातात धरायला लाज कसली? दर गुरुवारी दुपारी तीन वाजता मी पाचवीचे आणि सहावीचे पुस्तक घेऊन मंडळाच्या खोलीत बसणार आहे. येताना वही आणि पेन्सिल आणा. पहिल्या दिवशी फक्त ‘येस’ आणि ‘नो’ घेऊ. ज्यांच्या घरी कोणाचे ऑपरेशन ठरले आहे त्यांनी आधी यावे.