ज्या आडाचे पाणी, त्याच आडात
(सुवर्णमहोत्सवी स्नेहमेळाव्यातील व्याख्यान)



सुवर्णमहोत्सव म्हटला की मागच्या पन्नास वर्षांचा हिशेब मांडला जातो. किती वर्गखोल्या बांधल्या, किती विद्यार्थ्यांना साहाय्य झाले, कोणी किती देणगी दिली, याच्या याद्या वाचल्या जातात. ते योग्यच आहे. दात्यांचे स्मरण ठेवणे हे कृतज्ञ समाजाचे लक्षण होय. परंतु कोणत्याही संस्थेची संगमरवरी पाटी पाहिली, तर एक गोष्ट ध्यानात येते. पाटीवरची बहुतेक नावे पुरुषांची असतात. ज्यांच्या हातांनी घरे चालली, मुलांवर संस्कार झाले, त्या आज्या आणि आया त्या पाटीवर क्वचितच आढळतात.

कर्मवीर भाऊराव पाटील यांचा जन्म १८८७ साली कुंभोज येथे एका जैन कुटुंबात झाला. १९१९ साली त्यांनी रयत शिक्षण संस्थेची स्थापना केली, हे शाळकरी मुलालाही ठाऊक असते. साताऱ्याच्या वसतिगृहातील मुलांची चूल पेटती राहावी म्हणून त्यांच्या पत्नी लक्ष्मीबाईंनी अंगावरचे दागिने आणि शेवटी मंगळसूत्रही मोडले, हेही सुदैवाने इतिहासाने नोंदवून ठेवले आहे. परंतु ज्यांची नोंद कोणीच ठेवली नाही, अशा स्त्रिया गावोगावी होऊन गेल्या. त्यांपैकीच एका आजीचे स्मरण आजच्या प्रसंगी उचित ठरेल.

वारणाकाठच्या एका लहान गावात बस्तीमागच्या गल्लीत वीस-पंचवीस जैन घरे होती. शेती हाच सर्वांचा व्यवसाय. त्यांतील एका घरात या आजी राहत. मुले, सुना, नातवंडे, शेजारीपाजारी, सारेच त्यांना आक्का म्हणत. शाळेची पायरी त्या चढल्या नव्हत्या. सहीच्या जागी अंगठा उठवीत. मात्र भक्तामर स्तोत्र त्यांना आरंभापासून अखेरपर्यंत मुखोद्गत होते. अष्टमी आणि चतुर्दशीला घरात हिरवी भाजी शिजत नसे. दिवस मावळण्याच्या आत चुलीवरची शेवटची भाकरी उतरलेली असे. हिवाळ्यात दिवस लहान झाला की शेतावरून परतणाऱ्यांची धांदल उडे. पण सोप्यात ताटे मांडून आक्का उंबऱ्यात उभ्या राहिल्या आहेत, हे पाहिल्यावर कोणाचीही रेंगाळण्याची छाती होत नसे.

या घराच्या परसात एक आड होता, आणि आक्कांचा दिवस त्या आडापाशी सुरू होई. पाणी शेंदणे हे सुनांचे काम. गाळणे मात्र आक्कांचे. छत्तीस अंगुळे लांब आणि चोवीस अंगुळे रुंद असे जाड सुती कापड दुहेरी करून त्या घागरीच्या तोंडावर धरीत. गाळलेले पाणी एका मुहूर्तापुरते, म्हणजे ४८ मिनिटांपुरते, चालते. नंतर ते पुन्हा गाळावे लागते. घड्याळ वाचता न येणाऱ्या आक्कांचा हा मुहूर्त सहसा चुकत नसे. अंगणातली सावली कोणत्या दगडावर आली, यावरून त्या वेळ ओळखीत.

पाणी गाळण्याचे महत्त्व विज्ञानालाही पटले आहे. एके काळी महाराष्ट्रातील अनेक खेड्यांत नारू हा भयंकर रोग होता. पाण्यातल्या सूक्ष्म पिसवांवाटे तो माणसाच्या पोटात जाई आणि वर्षभराने पायातून दोऱ्यासारखा किडा बाहेर पडे. या रोगाच्या निर्मूलनासाठी झालेल्या मोहिमेत पाणी कापडातून गाळून पिणे हा एक प्रमुख उपाय होता. भारतातील नारूचा शेवटचा रुग्ण १९९६ साली आढळला आणि २००० साली जागतिक आरोग्य संघटनेने देश नारूमुक्त झाल्याचे प्रमाणित केले. बांगलादेशातील खेड्यांत झालेला एक अभ्यास २००३ साली प्रसिद्ध झाला. जुन्या साडीच्या निदान चार पदरांतून पाणी गाळले, तर कॉलऱ्याचे प्रमाण जवळजवळ निम्म्याने घटते, असे त्यात दिसून आले. हे ऐकून श्रावकांना अभिमान वाटणे स्वाभाविक आहे.

परंतु आक्कांची क्रिया येथे संपत नसे. गाळण्यात जे सूक्ष्म जीव राहत, ते फरशीवर झटकून देणे त्यांना पाप वाटे. गाळणे उलटे करून त्यावर गाळलेले पाणी ओतायचे, ते पाणी एका छोट्या बालदीत घ्यायचे आणि बालदी दोराने हळूहळू आडात सोडायची. ती पाण्याला टेकली की दोराला हलकासा हिसका द्यायचा. मग ती तिथेच कलंडे आणि जीव आपल्या ठिकाणी परत जात. वरून ओतले तर आघाताने ते मरतील, म्हणून ही काळजी. यालाच जिवाणी म्हणतात. जिवाणीचा नियम असा की ज्या आडाचे पाणी, त्याच आडात ती सोडायची. दुसऱ्या विहिरीत नाही, ओढ्यात नाही. ज्याचे घर जिथे, तिथेच त्याला पोहोचवायचे.

विचार केला तर गाळणे हे अर्धे काम आहे आणि त्यात माणसाचा स्वार्थही साधतो. उरलेले अर्धे काम निव्वळ दुसऱ्या जीवासाठी आहे. आरोग्यशास्त्र तेवढ्यासाठी कोणाला आडापर्यंत पाठवणार नाही. तिथे धर्मच घेऊन जातो. म्हणूनच जिवाणीची बालदी आक्का कधी कोणाच्या हाती देत नसत. सुनांनी मदतीसाठी हात पुढे केला, तरी त्या म्हणत, "राहू दे. दोर कुठं सोडायचा ते हाताला कळावं लागतंय."

अशा या आक्कांच्या हातून एक अपराध घडला होता. स्मरणाच्या भाषणात थोरांचे दोष सांगू नयेत असा संकेत आहे. परंतु हा दोष वगळला, तर आक्कांचे मोठेपणही वगळावे लागेल.

१९६०च्या दशकात त्यांची थोरली सून या घरात आली. ती व्हर्नाक्युलर फायनल उत्तीर्ण होती आणि लग्नापूर्वी तिने प्राथमिक शिक्षिकेच्या जागेसाठी अर्ज केला होता. राज्यात १९६२ साली जिल्हा परिषदा स्थापन झाल्या होत्या, खेडोपाडी शाळा वाढत होत्या आणि शिकलेल्या मुलींना नोकरीची दारे उघडत होती. लग्नानंतर काही महिन्यांनी नेमणुकीचा कागद आला. शाळा चालत जाण्याच्या अंतरावर होती. पतीची ना नव्हती. परंतु आक्कांनी तो कागद हातात घेतला, उलटसुलट पाहिला आणि आपल्या ट्रंकेत ठेवून दिला. "या घरच्या सुनेनं पगारासाठी उंबरा ओलांडायचा नाही," एवढेच त्या म्हणाल्या. त्या काळी सासूच्या शब्दापुढे शब्द नव्हता. मुदत टळली. थोरली सून चुलीपुढे बसली ती बसलीच. तिने कधी भांडण केले नाही. मात्र नातवंडे पाटी घेऊन अभ्यासाला बसली की ती भाकरी थापता थापता त्यांच्या चुका सांगे, आणि ते ऐकताना आक्कांची जपमाळ मध्येच थांबे, हे घरातल्यांनी अनेकदा पाहिले होते.

वीस वर्षे गेली. भाद्रपदातले दशलक्षण पर्व नेहमीप्रमाणे आले. शुद्ध पंचमीला उत्तम क्षमेने या पर्वाचा आरंभ होतो, अनंत चतुर्दशीला सांगता होते. दहा दिवसांत तत्त्वार्थसूत्राच्या दहा अध्यायांचे वाचन होते. त्यानंतर वद्य प्रतिपदेला क्षमावणी येते. म्हणजे पर्वाच्या आरंभीही क्षमा आणि अखेरीसही क्षमाच. मधले नऊ धर्म ऐकूनही माणसाला पुन्हा पहिल्या पायरीवर यावे लागते, असाच जणू या रचनेचा अर्थ आहे.

त्या वर्षीच्या क्षमावणीला बस्तीत सारा समाज जमला. सर्वांनी एकमेकांना हात जोडले, वर्षभराच्या अपराधांची क्षमा मागितली आणि मंडळी घरोघर परतली. आक्का घरी आल्या त्या सोप्यात न बसता आत गेल्या. ट्रंक उघडली. थोरल्या सुनेला परसात, आडापाशी बोलावले आणि घड्यांवर पिवळा पडलेला तो कागद तिच्या हातात ठेवून हात जोडले.

"पोरी, बस्तीत साऱ्या गावाची क्षमा मागितली. गावाचं मी काय वाईट केलंय? वाईट केलंय ते तुझं. ज्या आडाचं पाणी, त्याच आडात जिवाणी सोडायची असते. हे एवढं माझ्या गाळण्यात वीस वर्षं अडकून राहिलं."

थोरली सून बराच वेळ कागदाकडे पाहत राहिली. मग म्हणाली, "आत्ती, हे तेव्हा दिलं असतं तर?"

"तर तुझं आयुष्य निराळं झालं असतं. ते मला आता देता येत नाही. देता आलं असतं तर क्षमा कशाला मागितली असती?"

सून काही न बोलता घरात निघून गेली. एखाद्या कथेत या ठिकाणी दोघी गळ्यात पडून रडल्या असत्या. येथे तसे झाले नाही. पुढचे कित्येक महिने त्या दोघींमध्ये कामापुरतेच बोलणे राहिले. आक्कांनी पुन्हा विषय काढला नाही, की 'मी एवढी सासू असून हात जोडले' असे कोणाजवळ म्हटले नाही. क्षमा मागणे हे आपले काम. ती देणे न देणे आणि केव्हा देणे हा दुसऱ्याचा अधिकार. मागणाऱ्याने त्यासाठी घाई करू नये, हे त्यांना कोणी शिकवले नव्हते. पण दोर हळूहळू सोडण्याची सवय त्यांच्या हाताला होती.

पुढच्या वर्षी थोरल्या सुनेची मुलगी बारावी उत्तीर्ण झाली आणि तिला शिक्षिकेच्या अभ्यासक्रमाला बाहेरगावी प्रवेश मिळाला. भाऊबंदांनी नेहमीची शंका काढली: मुलीला एवढे शिकवून काय करायचे, लग्नाचे पाहा. आक्का त्या बैठकीत मध्येच उठल्या, आतून आपल्या सोन्याच्या पाटल्या आणून मुलापुढे ठेवल्या आणि म्हणाल्या, "या वेळचा कागद ट्रंकेत जायचा नाही."

नात वसतिगृहात राहायला गेली. दुसऱ्या दिवशी सकाळी आक्का पाणी गाळून आडाकडे वळल्या, तेव्हा थोरली सून शेजारी येऊन उभी राहिली. तिने हात पुढे केला. या वेळी आक्का "राहू दे" म्हणाल्या नाहीत. त्यांनी जिवाणीची बालदी सुनेच्या हातात दिली. सुनेने दोर सावकाश सोडला, बालदी पाण्याला टेकली आणि कलंडली. त्या दिवसापासून ते काम तिचे झाले. शब्दांनी जी क्षमा दिली गेली नव्हती, ती अशी दिली गेली.

पुढे थोरल्या सुनेने बस्तीतल्या पाठशाळेत मुलांना शिकवायला सुरुवात केली. वीस वर्षांची भरपाई त्याने झाली, असे म्हणणे खोटे ठरेल. काही गोष्टी परत मिळत नाहीत. परंतु घरात एक बदल निश्चित झाला. कोणाचे कोणाशी बिनसले की लहान मुलेसुद्धा म्हणू लागली, "ज्याच्या आडातलं, त्याच्या आडात सोडा." दोन भावांत बांधावरून वाद झाला, तेव्हा तो गावात चर्चिला जाण्याआधी थोरला धाकट्याच्या दारात जाऊन बसला. धाकट्याने लगेच मान्य केले असे नाही. पण दार उघडे राहिले.

आक्का जाऊन आता बराच काळ लोटला. नात शिक्षिका म्हणून नोकरी करून निवृत्त झाली. घरातील मुले पुण्याला, बेंगळुरूला, काही परदेशी गेली. परसातल्या आडावर लोखंडी जाळी पडली आहे आणि पाणी नळाने येते. नळाच्या पाण्याची जिवाणी नेमकी कोठे सोडावी, हा प्रश्न आजच्या श्राविकेपुढे खरोखरच आहे. पाणी किती कोसांवरून, कोणत्या नदीतून आले, याचाच पत्ता नसतो.

क्षमेचेही काहीसे तसेच झाले आहे. क्षमावणीच्या दिवशी मोबाईलवर एकच संदेश एका क्षणात शेकडो जणांना जातो. त्यात वाईट काहीच नाही. सर्व जीवांची क्षमा मागण्याची परंपराच आहे. परंतु त्या शेकडो नावांत ज्याचे मन खरोखर दुखावले आहे, असे एकच नाव असते, आणि पुष्कळदा नेमके तेच यादीतून सुटते. वाटणीवरून न बोलणारा भाऊ, माहेरी न बोलावलेली बहीण, शिक्षण अडवलेली सून, वृद्धाश्रमाचा विषय ऐकून गप्प झालेले वडील. नळ आला म्हणून गाळणे सुटू नये, आणि संदेश गेला म्हणून ते एक दार सुटू नये.

पन्नास वर्षांच्या वाटचालीत संस्थांमध्येही मतभेद होतात, माणसे दुरावतात, एखादा जुना कार्यकर्ता मेळाव्याला येईनासा होतो. सुवर्णमहोत्सवाच्या निमंत्रणपत्रिका सर्वांना टपालाने जातात. त्यांतली निदान एक पत्रिका कोणीतरी स्वतः हातात घेऊन, पायी चालत, योग्य त्या दारात नेऊन द्यावी. आक्कांचे नाव कोणत्याही पाटीवर नाही, आणि त्यांना त्याची खंतही वाटली नसती. तेवढी एक पत्रिका योग्य दारी पोहोचली, तर त्यांचे स्मरण झाले असे समजावे.

जय जिनेंद्र.