किल्ली ज्याच्याकडे, त्याच्यापासून नोंद कशी वाचवायची?

मी जबलपूरहून बोलतोय. आमच्या शहरात हायकोर्ट आहे. तुम्ही मुंबईत असा की बेळगावात, ‘व्यापम’ हे नाव कानावरून गेलंच असेल. लोकांना त्यातल्या अटका आणि मृत्यू आठवतात. मी डेटाबेस सांभाळणारा माणूस, मला आठवतात ते रोल नंबर.

वैद्यकीय प्रवेश परीक्षेत पैसे मोजलेला उमेदवार आणि त्याला उत्तरं दाखवणारा हुशार पोरगा जवळजवळ बसायला हवेत. इकडे त्याला ‘इंजिन-बोगी’ म्हणायचे. त्यासाठी संगणकातल्या रोल नंबरांच्या वाटपात फेरफार झाला. बाहेरून कुणी कुलूप फोडलं नव्हतं. आरोप ठेवले गेले ते आतल्याच लोकांवर.

सापडलं कसं? नंबर देण्याचा ठरलेला नियम होता, त्यात काही जोड्या बसेनात. शिवाय त्यांची चुकलेली उत्तरंही जुळत होती. बरोबर उत्तर दोघांना येईल हो, पण चुकाही त्याच? २०१७ मध्ये सुप्रीम कोर्टाने ६३४ जणांचे प्रवेश रद्दच ठेवले.

मीही काही साधुसंत नाही. एका पतसंस्थेत असताना साहेब म्हणाले, “ठेवीची तारीख चुकलीय, जरा नीट कर.” मी थेट एक अपडेट चालवला. दुरुस्ती खरी होती. वर्षभराने ठेवीदाराने विचारलं, कुणी बदललं, कशावरून? माझ्याकडे दाखवायला काहीच नव्हतं. त्या क्षणी मी आणि एखादा लबाड, दोघांचा पुरावा सारखाच होता.

तेव्हापासून जुनी नोंद खोडत नाही. खाली दुरुस्तीची नवी ओळ: कुणी, कधी, कुणाच्या सांगण्यावरून. हे ट्रिगर लावून आपोआप होतं. पण ट्रिगर बंद करायचा अधिकार माझ्याकडेच असेल, तर तो नुसता शोभेचा. म्हणून ऑडिट लॉग दुसऱ्या मशीनवर, जिथे माझं लॉगिनच नाही. प्रत्येक ओळीचा हॅश पुढच्या ओळीत गुंफलेला. मधली एक ओळ बदलली की पुढचं सगळं चुकतं. अख्खी साखळी हाती असलेला माणूस मात्र ती नव्याने गुंफू शकतो. त्यामुळे रोज संध्याकाळचा शेवटचा हॅश एका वहीत, सहीनिशी.

ती वही आमच्या हिशेबनीस बाईंकडे असते. तो लांबलचक आकडा कशाचा, हे त्यांना अजून नीट समजलेलं नाही. पण कपाटाची किल्ली त्या मला देत नाहीत.