नवीन वर्षाची यादी: फळ लिहू नका, खत लिहा

 

हा भाग तुम्ही डिसेंबरच्या शेवटच्या आठवड्यात ऐकत असाल. घरात करंज्या आणि केक अजून संपले नसतील. ३१ तारखेच्या रात्रीच्या उपासनेला किती वाजता निघायचं, यावर चर्चा चालू असेल. आणि फोनच्या नोट्समध्ये एक यादी तयार होत असेल. रोज पहाटे पाचला उठून प्रार्थना. वर्षभरात संपूर्ण बायबल. राग बंद. रील्स बंद. वजन कमी.

यादी करण्यात काही चूक नाही. पण मी आमच्या मंडळीत तरुण संघाचं काम बघतो, त्यामुळे जानेवारीत काय होतं तेही दरवर्षी बघतो. पहिल्या रविवारी सगळे हजर. तिसऱ्या-चौथ्या रविवारी एक-दोन चेहरे दिसेनासे होतात. फोन केला की आधी "क्लास होता", "काम होतं" अशी उत्तरं येतात. मागे एका मुलीने मात्र सरळ सांगितलं, "दादा, सात दिवस माझं वाचन राहिलंय. आता संघात बसून गाणी म्हणायला लाज वाटते."

विचार करा. देवाच्या जवळ जायला म्हणून जी यादी केली, त्याच यादीमुळे ती लांब राहिली. म्हणून आज मला यादी कशी करावी याबद्दलच बोलायचं आहे.

लूकच्या तेराव्या अध्यायात प्रभू येशूने सांगितलेला एक छोटासा दाखला आहे. एका माणसाच्या द्राक्षमळ्यात अंजिराचं झाड होतं. तीन वर्षं तो फळ शोधायला येत होता आणि रिकाम्या हाताने परत जात होता. शेवटी तो माळ्याला म्हणाला, तोडून टाक, जागा कशाला अडवतंय? माळी म्हणाला, मालक, एवढं एक वर्ष राहू द्या. मी त्याच्याभोवती खणतो, खत घालतो. मग फळ आलं तर ठीक, नाहीतर तोडा.

मला नवीन वर्ष म्हटलं की हाच दाखला आठवतो. हे वर्ष आपल्याला कोणीतरी मागून घेतलेलं आहे. आणि माळी काय म्हणाला, तेही बघा. "मी यंदा पन्नास अंजीर आणून दाखवतो" असं तो म्हणाला नाही. सासवड-पुरंदर भागातल्या कुठल्याही अंजीरवाल्याला विचारा, फळ हुकूम देऊन येत नाही. हातात असतं ते खणणं, खत, पाणी.

आता आपली यादी परत बघा. "राग बंद", "जास्त प्रेमळ होणार", "विश्वासात मजबूत होणार" ही सगळी फळं आहेत. गलतीकरांच्या पत्रात पौल प्रीती, आनंद, शांती, सहनशीलता यांना आत्म्याचं फळच म्हणतो. फळ यादीत लिहिलं की रोज संध्याकाळी झाडाकडे बघून निराश व्हायचं, एवढंच उरतं. म्हणून माझं म्हणणं इतकंच आहे की यादीत खत लिहा. तुमचे हात रोज करू शकतील अशी छोटी, मोजता येणारी कामं लिहा.

कुठल्या बाबतीत? लूकच्याच दुसऱ्या अध्यायाच्या शेवटी बारा वर्षांच्या येशूबद्दल एक वाक्य आहे. तो ज्ञानाने वाढला, शरीराने वाढला, आणि देवाच्या व माणसांच्या कृपेत वाढला. चार बाजू झाल्या. प्रत्येक बाजूचं एकच काम घेऊ या.

पहिली बाजू देवाची. संपूर्ण बायबलचे अध्याय आहेत १,१८९. वर्षात संपवायचे तर रोज तीन-चार वाचावे लागतात. ज्यांना सवय आहे त्यांनी जरूर करावं. पण पहिल्यांदाच सुरुवात करत असाल तर हा हिशोब बघा. नव्या कराराचे अध्याय २६०. वर्षाचे आठवडे ५२. म्हणजे आठवड्याला पाच. सोमवार ते शुक्रवार रोज एक अध्याय, आणि दोन दिवस मोकळे. लोकल चुकली, परीक्षा आली, पाहुणे आले, तर त्या दोन दिवसांत भरून काढा.

आणि तरीही राहिलं तर? रानातला मान्ना आठवा. तो रोज सकाळी त्या दिवसापुरता गोळा करायचा होता. शब्बाथाच्या आदल्या दिवसाचा अपवाद सोडला, तर साठवून ठेवलेल्याला किडे पडत. सात दिवस वाचन राहिलं, तर एका रात्री सात अध्याय उरकत बसू नका. आजचा अध्याय उघडा. कालचं ओझं प्रभूकडे द्या आणि रविवारी संघात या. तिथे हजेरीपुस्तक घेऊन कोणी बसलेलं नाही.

दुसरी बाजू शरीराची. एलिया संदेष्टा थकून एका झुडपाखाली बसला होता आणि देवाकडे मरण मागत होता. देवाने त्याला लगेच उपदेश केला नाही. आधी झोपू दिलं, भाकर आणि पाणी दिलं, परत झोपू दिलं, परत खायला दिलं. रात्री दीडपर्यंत स्क्रोल करून पहाटे पाचच्या प्रार्थनेचा निश्चय टिकत नाही. त्यामुळे यादीत "पहाटे पाच" ऐवजी "रात्री अकराला फोन चार्जिंगला, तोही दुसऱ्या खोलीत" असं लिहा. एकाच खोलीचं घर असेल तर हात पोचणार नाही अशा फळीवर ठेवा. आणि एलियासारखं जगणंच नकोसं वाटत असेल, तर ते एकट्याने सोसू नका. घरच्यांना सांगा, पाळकांना सांगा, डॉक्टरांकडे जा.

तिसरी बाजू ज्ञानाची. इथे पंडिता रमाबाई आठवतात. केडगावला मुक्ती मिशनचा एवढा मोठा व्याप सांभाळत त्या हिब्रू आणि ग्रीक शिकल्या आणि बायबलचं सोप्या मराठीत भाषांतर केलं. १९२२ मध्ये त्या गेल्या. भाषांतर पूर्ण झालं होतं, पण संपूर्ण ग्रंथ छापून आला १९२४ मध्ये. फळ त्यांच्या डोळ्यांना दिसलं नाही, त्यांच्या वाट्याला रोजचं काम होतं. तुम्हीही एक विषय धरा. इंग्रजी असेल, गिटार असेल, पगाराचा हिशोब लिहिणं असेल. आठवड्यातून तीनदा, अर्धा तास.

चौथी बाजू माणसांची, आणि ही यादीत बहुतेक वेळा नसतेच. गावाकडच्या आजीला दर रविवारी उपासनेनंतर फोन. ज्या भावाशी बोलणं बंद आहे, त्याला जानेवारीत एक मेसेज. वेदीजवळ दान घेऊन आलात आणि भावाच्या मनात काही आहे हे आठवलं, तर दान तिथेच ठेवून आधी त्याच्याशी समेट करा, असं प्रभूने सांगितलं आहे. हे वाचायला सोपं आहे. करायला जड जातं. म्हणूनच तारीख टाकून लिहा.

आता एक शेवटची गोष्ट. अमेरिकेतले प्रसिद्ध उपदेशक जोनाथन एडवर्ड्स यांनी १७२२-२३ च्या सुमारास, विशीच्या आत असताना, ७० निश्चय लिहिले. देवाच्या मदतीशिवाय मला काहीच जमणार नाही, हे त्यांनी सुरुवातीलाच लिहून ठेवलं आणि आठवड्यातून एकदा सगळे वाचायचे असं ठरवलं. दोन्ही गोष्टी घेण्यासारख्या आहेत. पण याच एडवर्ड्सनी पुढे माणसं विकत घेऊन गुलाम म्हणून घरात ठेवली. सत्तर निश्चय लिहिणाऱ्यालाही ते पाप दिसलं नाही.

मला हे फार महत्त्वाचं वाटतं. एकट्याने केलेल्या यादीत आपल्याला दिसतं तेवढंच येतं. म्हणून यादी पक्की करण्याआधी घरातल्या एकाला विचारा, "माझ्या कुठल्या वागण्याचा तुला त्रास होतो?" आईला विचारा, बहिणीला विचारा, रूममेटला विचारा. उत्तर आलं की वाद घालू नका. ते यादीत पहिल्या नंबरला लिहा. आणि त्याच व्यक्तीला सांगा, दर महिन्याला मला याबद्दल विचार.

त्या दाखल्याचा शेवट तुम्हाला आठवतो का? झाडाला पुढच्या वर्षी फळ आलं का, ते येशूने सांगितलंच नाही. त्यात इशाराही आहे, तो आपण गाळायचा नाही. वर्ष एकच मागितलेलं आहे. पण ते मागणारा माळी हातात खोरं घेऊन झाडाशी उभा आहे. झाडाला एकट्याने काही करायचं नाहीये.

तेव्हा ३१ च्या उपासनेला जाण्याआधी दहा मिनिटं काढा. चार ओळी लिहा. प्रत्येक ओळीत काय, कधी, किती वेळा, हे असू द्या. खाली लिहा, "प्रभूची इच्छा असेल तर". याकोबाने उद्याच्या बेतांबद्दल असंच म्हणायला शिकवलंय. आणि जानेवारीच्या तिसऱ्या आठवड्यात तुमच्या संघातलं कोणी दिसलं नाही, तर त्याला वाचन किती झालं ते विचारू नका. फोन करा आणि म्हणा, "ये रे, तुझी जागा ठेवलीय."

नवीन वर्षाच्या शुभेच्छा. पुढच्या भागात भेटू. सलाम!