समुद्रात शेती करणाऱ्या बाया

आज आपण जरा लांब जाऊ या. आपल्याच समुद्राच्या पलीकडच्या काठाला, टांझानिया देशातल्या झांजिबार बेटावर.

तिथली भाषा स्वाहिली. कान देऊन ऐकली तर ओळखीचे शब्द भेटतात. पैशाला 'पेसा', साबणाला 'साबुनी', हिशेबाला 'हेसाबू', दुकानाला 'दुका' आणि कांदा-टोमॅटोच्या कोशिंबिरीला 'काचुंबारी'. शेकडो वर्षं मोसमी वाऱ्यांवर शिडाची गलबतं अरबस्तान, हिंदुस्थान आणि आफ्रिका यांच्यात ये-जा करत होती. मालाबरोबर शब्दही उतरले.

कुणाच्या दाराशी गेलात की 'होदी' अशी हाक द्यायची. आतून 'कारिबू', म्हणजे 'या', असं आलं की मगच पाऊल आत टाकायचं. वडीलधाऱ्यांना 'शिकामो' म्हणायचं. त्याचा मूळ अर्थ 'पाय धरते' असा सांगतात. वेळ मात्र नीट विचारून घ्या. तिथे तास सूर्योदयापासून मोजतात. आपले सकाळचे आठ म्हणजे त्यांचे दोन. तुम्ही दुपारी जाल आणि माणसं सकाळीच वाट बघून गेलेली असतील!

पण मला सांगायचं आहे ते पाजे गावच्या बायांबद्दल. १९८९ च्या सुमारास या पूर्व किनाऱ्यावर समुद्री शेवाळाची शेती सुरू झाली. अमावास्या-पौर्णिमेला ओहोटी लांब जाते, तेव्हा बाया पाण्यात उतरतात. वाळूत खुंट्या रोवायच्या, दोऱ्या ताणायच्या, दोऱ्यांना शेवाळाचे तुकडे बांधायचे. साधारण सहा आठवड्यांनी काढणी. वाळवलेलं शेवाळ परदेशी जातं आणि त्यातला घट्टपणा आणणारा पदार्थ टूथपेस्टमध्ये, आइस्क्रीममध्ये पडतो. ही शेती करणाऱ्या बहुतेक बायाच. कित्येकींच्या हातात स्वतःचा 'पेसा' पहिल्यांदा आला तो यातूनच.

पुढे समुद्राचं पाणी तापू लागलं. जास्त भावाची जात उथळ पाण्यात मरू लागली. उरली ती जात चिवट, पण तिला भाव कमी. खोल पाण्यात लागवड करावी, तर अनेकींना पोहता येत नव्हतं आणि होडीही नव्हती. काही जणी त्या वयात पोहायला शिकल्या. काही गटांनी शेवाळाची पूड करून, खोबरेल आणि लवंगेचं तेल घालून साबण बनवायला घेतला.

फरक बघा. सुक्या शेवाळाचा भाव व्यापारी ठरवतो. साबणाच्या वडीचा भाव बाया ठरवतात. अडचण त्यातही आहे. ही वडी घेतात मुख्यतः पर्यटक. पर्यटक आले नाहीत की विक्री थांबते. म्हणून शेवाळाची शेती त्यांनी सोडलेली नाही.

आपणही काजू, कोकम, चिंच कच्चीच विकतो. येत्या बैठकीत एवढंच मोजून बघा: आपला कोणता माल कच्चा जातो, त्याचा भाव कोण ठरवतं, आणि पक्का केला तर तो घेणारं गिऱ्हाईक जवळपास आहे का? 'हेसाबू' वहीत लिहून ठेवा.