ओली वाकळ कुणाच्या माथी?

(वस्तीतल्या बायकांच्या बैठकीत केलेलं भाषण, कोल्हापूर)



आजचा विषय ऐकून काहीजणी हसल्या. पोरं अंथरुणात शू करतात, त्यावर भाषण कसलं? पण ‘नवरा मारतो’ म्हणून केंद्रावर आलेली बाई दुसऱ्या-तिसऱ्या भेटीत हळूच सांगते, ‘सकाळी वाकळ ओली दिसली की सुरुवात होते.’ आधी पोराला मार, मग ‘तुला वळण लावता येत नाही’ म्हणून तिला. घरात बाईला क्रूरपणे वागवण्याविरुद्ध शाहू महाराजांनी १९१९ साली कायदा केला, त्याच कोल्हापुरातली ही गोष्ट.

माझं स्वतःचंच सांगते. माझा मुलगा सात वर्षांचा होईपर्यंत रात्री भिजवायचा. पावसाळ्यात वाकळ वाळायची नाही, घरभर वास. कुणाला कळू नये म्हणून मी पहाटे उठून मोरीत धुवायची. एकदा रागाच्या भरात मी उलथनं तापवलं. पोरगं कोपऱ्यात थरथरत उभं राहिलं. सासूबाईंनी माझ्या हातातलं उलथनं काढून घेतलं आणि म्हणाल्या, ‘चटका द्यायचाच तर ह्याच्या बापाला दे. चौथीत जाईस्तोवर भिजवत होता!’

नवरा मान खाली घालून बाहेर गेला. त्या दिवसापासून घरातली ओरड थांबली.

सासूबाईंचं म्हणणं शास्त्राला धरूनच होतं. आईवडील दोघांनाही लहानपणी हा त्रास असेल, तर चारांतल्या तीन मुलांना तो होतो. पाच वर्षांच्या शंभर मुलांत पंधराएक मुलं रात्री भिजवतात. त्यांची झोप गाढ असते, मूत्राशय भरल्याची जाणीव होत नाही. काहींच्या शरीरात रात्री लघवी कमी करणारं संप्रेरक पुरेसं तयार होत नाही. यात पोराचा हट्ट नाही आणि आईची चूकही नाही. बहुतेकांचं वयाबरोबर थांबतं.

मग करायचं काय? दिवसा भरपूर पाणी द्या, संध्याकाळनंतर थोडं कमी. रात्रीचा चहा बंद. शाळेचा संडास घाण म्हणून मुली दिवसभर पाणीच पीत नाहीत आणि घरी येऊन तांब्या रिकामा करतात. तेव्हा शाळेत जाऊन संडासासाठी भांडणं हाही यावरचा उपाय आहे. पोट साफ होतं का बघा. बद्धकोष्ठानं हा त्रास वाढतो. झोपताना शू करून आला, तर त्याचं कौतुक करा. अंधारात बाहेर जायला भीत असेल, तर सोबत जा. आणि वाकळ बापानंही धुवावी!

पाच वर्षांनंतरही चालू राहिलं तर डॉक्टरांना दाखवा. ओलं होताच वाजणारी घंटा आणि औषधंही असतात. पण सहा महिने कोरडं राहिलेलं मूल पुन्हा भिजवू लागलं, तर थांबू नका. फार तहान लागते, वजन उतरतंय, तर मधुमेह असू शकतो. जळजळ, ताप असेल, तर लघवीतला जंतुसंसर्ग. आणि यातलं काही नसेल, तर मुलाला जवळ घेऊन विचारा: घरातल्या मारामारीची धास्ती आहे का? कुणी नको तिथं हात लावला का? १०९८ हा मुलांच्या मदतीचा नंबर पाठ ठेवा.

माझा मुलगा आज बाप आहे. गेल्या महिन्यात त्याच्या लेकीनं अंथरूण भिजवलं. त्यानं काही न बोलता चादर काढली आणि धुवायला नेली.