अंतराची परीक्षा



कार्यालयात झरझर चालणारी संगणकाची आज्ञावली परगावी गेली की अडखळू लागते, हा अनुभव पुष्कळांना असेल. अशा वेळी ‘जाळ्याची क्षमता वाढवा’ अशी ओरड होते. आमचे म्हणणे असे की, पुष्कळदा खरे कारण अंतर हे असते. आणि त्याची परीक्षा प्रयोगशाळेत आधीच घेता येते.

काचतंतूतून प्रकाश सेकंदाला सुमारे २ लाख किलोमीटर जातो. मुंबई ते न्यूयॉर्क हे अंतर सरळ रेषेने धरले तरी सुमारे १२,५०० किलोमीटर. म्हणजे निरोप जाऊन उत्तर येण्यास, वाटेत कोठेही खोळंबा न होता, सेकंदाचा आठवा भाग लागणारच. रस्ता रुंद केल्याने गाड्या अधिक जातील. गाव जवळ येणार नाही.

एवढासा विलंब तो काय, असे कोणी म्हणेल. परंतु मुलाला मिठासाठी एकदा, गुळासाठी दुसऱ्यांदा असे वाण्याकडे धाडावे, तशी आज्ञावली एकेक प्रश्न विचारीत बसली आणि एका कामाला ८० फेऱ्या झाल्या, तर १० सेकंद गेले! प्रयोगशाळेत शेजारच्या यंत्राशी एक फेरी सेकंदाच्या सहस्रांशात होते. तेथे याच ८० फेऱ्यांना सेकंदाचा दहावा भागही लागत नाही. दोष दिसावा कसा?

उपाय सोपा आहे. दोन यंत्रांच्या मध्ये तिसरे ठेवावे आणि त्याने प्रत्येक निरोप ठरावीक काळ अडवून मग पुढे सोडावा. इटलीतील पिसा विद्यापीठाच्या लुईजी रित्सो यांनी ‘डमीनेट’ हे असे साधन १९९७ साली मांडले. लिनक्समध्ये ‘नेटएम’ आहे. विलंब कमीजास्त करणे, काही निरोप मुद्दाम गाळणे, हेही त्यांना साधते. मात्र आकडे मनाचे नसावेत. प्रत्यक्ष जागेवरून मोजून आणावेत. फेसबुकने २०१५ साली आपल्या नोकरांना मंगळवारी तासभर टूजीच्या संथ गतीचा अनुभव घेण्याची सोय केली, ती याच हेतूने.

अर्जाच्या शेवटच्या दिवशी, क्षीण जाळ्यावर, तालुक्याच्या गावी बसलेल्या विद्यार्थ्याचा विचार करा. त्याचा अर्ज वेळेत पोचत नाही, तेव्हा तो स्वतःच्या नशिबाला बोल लावतो. वस्तुतः कोणीतरी वाण्याची यादी एकदम द्यावयाची राहिलेली असते. ती राहिली आहे हे त्याच्या आधी आपल्याला कळावे, एवढ्यासाठीच हा खटाटोप.