न लिहिलेलं पत्र

आयुष्यात काही हुकलं, की ते कुणामुळे हुकलं हे आपल्याला अगदी पाठ असतं. जेन ऑस्टिनची ‘पर्स्वेजन’ ही कादंबरी वाचल्यापासून माझा मात्र या पाठांतरावर फारसा विश्वास उरलेला नाही.

गोष्ट इंग्लंडमधली, १८१४ सालची. नायिका अ‍ॅन एलियट २७ वर्षांची आहे. १८०६ साली फ्रेडरिक वेंटवर्थ या तरुण नौदल अधिकाऱ्याशी तिचं लग्न ठरलं होतं. मुलगा कर्तबगार, पण जवळ ना पैसा, ना घराण्याचं नाव. लेडी रसेल ही अ‍ॅनच्या दिवंगत आईची मैत्रीण. तिनं मायेपोटी समजावलं, हे लग्न नको. अ‍ॅननं ऐकलं आणि ठरलेलं लग्न मोडलं.

कॉलेजात असताना ही कादंबरी वाचली, तेव्हा मला लेडी रसेलचा भयंकर राग आला होता. अशा मावश्या-आत्या आपल्याकडेही घरोघरी असतात! पुढे पुन्हा वाचली तेव्हा लक्षात आलं, की ऑस्टिननं तिला खलनायिका केलेलंच नाही. सल्ला चुकला, पण मनात खोट नव्हती. अ‍ॅनही तिला दोष देत नाही.

आठ वर्षांनी वेंटवर्थ परततो तो कॅप्टन होऊन, युद्धात कमावलेले २५,००० पौंड गाठीला बांधून. एलियटांचं घर कर्जापायी भाड्यानं गेलेलं, आणि भाडेकरू कोण, तर त्याचीच बहीण आणि मेहुणे! दोघं एकाच बैठकीत बसतात, पण मनातलं बोलत नाहीत.

शेवटी बाथ शहरात, उतारूंच्या एका हॉटेलात वेंटवर्थ पत्र लिहीत बसलेला असतो. पलीकडे अ‍ॅन त्याच्या मित्राशी वाद घालत असते, की पुरुषाचं प्रेम जास्त टिकतं की बाईचं? आशा संपल्यावरही बाई प्रेम करत राहते, असं ती म्हणते. ते कानावर पडताच तो दुसऱ्या कागदावर तिलाच पत्र लिहितो आणि जाताना तिच्या पुढ्यात ठेवतो.

हा प्रसंग पहिल्या खर्ड्यात नव्हता. जुलै १८१६ मध्ये लिहिलेला शेवट ऑस्टिनला पटला नाही. तिनं तो बदलला आणि हे पत्र आलं. जुलै १८१७ मध्ये ती गेली. कादंबरी छापून आली ती तिच्या पश्चात, त्याच वर्षाच्या अखेरीस.

मन जुळल्यावर वेंटवर्थ अ‍ॅनला विचारतो, ‘१८०८ साली माझ्याकडे थोडा पैसा आला, जहाजही मिळालं. तेव्हाच मी पत्र लिहिलं असतं, तर?’ अ‍ॅननं आनंदानं होकार दिला असता. म्हणजे आठांपैकी दोन वर्षं लेडी रसेलच्या खात्यावर आणि उरलेली सहा त्याच्या स्वतःच्या अभिमानाच्या! तो हे मोकळेपणानं कबूल करतो.

हा हिशेब वाचताना मी दर वेळी थोडी अस्वस्थ होते. कुणी अडवलं, हे मीही अनेकदा सांगितलं आहे. नंतर मी पत्र का लिहिलं नाही, हे मात्र मला कुणी विचारलं नाही.